रिंकवरची लेक बर्फावर नेताना

पत्र बेळगावच्या टिळकवाडीतून, एका वडिलांचं आहे. थोडक्यात असं: "मुलगी आठवीत, वय १३. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ३८ किलो. पाच वर्षं इनलाइन स्केटिंग करते. आता तिला अल्पाइन स्कीइंगच्या, म्हणजे डोंगरउतारावरून खाली यायच्या शर्यतीत उतरायचं आहे आणि याच हिवाळ्यात गुलमर्गला जायचा हट्ट आहे. ओळखीतून १५५ सेंटिमीटरच्या जुन्या स्लॅलम स्की आणि रेसिंगचे बूट मिळून १८ हजारांना मिळत आहेत. बूट दोन नंबर मोठे आहेत, पण वाढता पाय आहे म्हणून चालतील असं विकणारा म्हणतो. घ्यावेत का? शर्यत याच वर्षी जमेल का? जूनपासून तयारी काय करून घ्यावी? शाळा बुडेल त्याचं काय? तिच्या आईला गुडघ्याची फार भीती वाटते." पत्राच्या तळाशी मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "मला उशीर झाला का?"

नमस्कार.

आधी त्या स्कींचं बोलू, कारण तो व्यवहार तुम्ही याच आठवड्यात कराल असं दिसतं. करू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्या गटातल्या स्त्रियांच्या स्लॅलम, म्हणजे खांबांमधून आखूड वळणं घेत उतरायच्या शर्यतीच्या स्कीची किमान लांबी १५५ सेंटिमीटर आहे. म्हणजे ती स्की पूर्ण वाढलेल्या, वर्षानुवर्षं सराव केलेल्या खेळाडूसाठी बनवलेली आहे. ती मुद्दाम कडक असते. वळणात तिला वाकवायला जोर लागतो, आणि ३८ किलोच्या शिकाऊ मुलीकडून ती वाकणारच नाही. न वाकलेली स्की वळत नाही, सरळ पळते. मग पोर घाबरून वजन टाचांवर टाकते, मागे बसते, आणि एकदा मागे बसायची सवय लागली की ती मोडायला दोन हंगाम जातात. शिकताना तिच्या उंचीला हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान पोचणारी, म्हणजे अंदाजे १३० ते १४० सेंटिमीटरची मऊ स्की हवी. ती प्रशिक्षण संस्थेत किंवा तिथल्या दुकानात भाड्यानं मिळते.

बुटांची बाब याहून गंभीर आहे. स्कीइंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचं साधन बूट हेच, कारण पायाची प्रत्येक हालचाल त्यातूनच स्कीपर्यंत पोचते. बुटाचा नंबर हा पावलाची सेंटिमीटरमधली लांबी असते: पाऊल साडेतेवीस सेंटिमीटर तर बूट साडेतेवीसचा. दोन नंबर मोठा म्हणजे लांबीला दोन सेंटिमीटर जादा जागा. त्यात पाऊल आधी फिरतं, स्की मागाहून फिरते. पोर मग बकल करकचून आवळते, रक्तपुरवठा कमी होतो आणि उणे तापमानात बोटं बधिर होतात. शाळेचे बूट एक नंबर मोठे घेणं ठीक आहे. इथे तो हिशेब अंगाशी येतो.

माप असं घ्या. संध्याकाळी, पाय दिवसभर वापरलेले असताना, टाच भिंतीला लावून तिला कागदावर उभं करा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पायांचं मोजा, थोडा फरक निघतोच. दुकानात बुटाचं आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाऊल घालायला सांगा. बोटं पुढे जेमतेम टेकली असताना टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन बोटांची जागा राहिली तर बूट बरोबर. तीन बोटं शिरली तर मोठा. मग अस्तर घालून, एकच पातळ लांब मोजा घालून बकल लावायचे. उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित लागतात, पण गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली की बोटं मागे सरकून मोकळी होतात. हे झालं नाही तर बूट बदला. दोन मोजे कधीही घालू नका. त्यांच्या घड्यांनी नडगीला फोड येतात आणि घाम अडकून पाय जास्तच गारठतो.

बुटाच्या कडकपणाचाही आकडा असतो. त्याला फ्लेक्स म्हणतात. रेसिंगच्या बुटांचा तो अनेकदा ११० च्या वर असतो. तुमच्या मुलीला ५० ते ७० पुरे. थंडीत प्लॅस्टिक आणखी कडक होतं, त्यामुळे दुकानात जेमतेम वाकणारा बूट उतारावर अजिबात वाकत नाही. पारखायची खूण सोपी आहे. बूट घालून तिला घोटा पुढे वाकवायला सांगा. गुडघा पायाच्या बोटांच्या थोडा पुढे गेला पाहिजे. घोटा न वाकता नुसती कंबर वाकली, तर तो बूट तिच्या ताकदीबाहेरचा आहे.

पहिल्या वर्षी पैसे कशावर खर्चावेत? हेल्मेटवर. ते भाड्यानं घेऊ नका, कारण आधी किती आपटलंय ते दिसत नाही. आत ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० या मानकाची खूण पाहा. सायकलचं किंवा स्केटिंगचं हेल्मेट चालणार नाही. त्यानंतर दुहेरी काचेचा गॉगल, जलरोधक मिटन, दोन जोड थर्मल आणि पातळ लोकरीचे मोजे घ्या. चार बोटं एकत्र राहणारे मिटन सुट्या बोटांच्या हातमोज्यापेक्षा गरम असतात. अंगाला लागून सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं आणि उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवर बसल्या बसल्या अंग गार पडतं. एवढं खरेदी करा, बाकी सगळं भाड्यानं घ्या.

आता शर्यतीचं. या हिवाळ्यात नको. तुमची लेक चांगली स्केटर आहे, म्हणूनच हे ठामपणे सांगावं लागतंय. स्केटिंग येणारी मुलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी भराभर उतरू लागतात, सगळे कौतुक करतात, आणि मूळ पाया कच्चा राहतो.

तिला समतोल येतो, वेगाची भीती नाही, पायाच्या कडेवर झुकायची जाण आहे. ही मोठी शिदोरी आहे. पण तीन सवयी आड येतील. पहिली, ढकलण्याची. स्केटवर वेग पायानं मिळवावा लागतो, बर्फावर तो उतार फुकट देतो. तिथलं काम वेग आवरायचं असतं. दुसरी, आतला पाय उचलून पलीकडे टाकण्याची. रिंकच्या वळणावरचा क्रॉसओव्हर हा स्पीड स्केटरचा श्वास असतो, पण स्कीवर दोन्ही पाय खाली राहतात आणि वजन बाहेरच्या, म्हणजे उताराकडच्या स्कीवर जातं. तिसरी सवय सगळ्यांत चिवट. चाक आडवं घसरत नाही, त्यामुळे घसरू देणं तिला माहीतच नाही. बर्फावर मात्र साइड स्लिप, म्हणजे स्की उताराला आडवी ठेवून कडा सैल करत सरळ खाली घसरणं आणि कडा रोवून थांबणं, हा सगळ्या नियंत्रणाचा पाया आहे. शर्यतीत ज्या खांबांमधून वळत उतरायचं असतं त्या गेटमधून चुकल्यावर वाचवतं ते हेच. प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा: ही स्केटर आहे, हिच्याकडून साइड स्लिप दुप्पट करून घ्या.

चौदा दिवसांच्या शिबिरात साधारण असं होतं. पहिले दोन दिवस चालणं, पडणं, उठणं, उतारावर आडवं चढणं आणि स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या फाकवून वेग मोडणं. पुढचे तीन-चार दिवस स्नोप्लाऊची वळणं आणि साइड स्लिप. दुसऱ्या आठवड्यात स्की समांतर ठेवून वळणं, आणि सगळं जमलं तर शेवटी झाडूसारख्या बुटक्या गेटमधून दोन-चार उतरणी. ती मागे बसते आहे का हे तिला स्वतःलाच कळेल: मांड्यांचा पुढचा भाग जळतो आणि नडगीला बुटाची जीभ लागत नाही. अशा वेळी उतार सोपा करायचा. अवघड उतारावर "पुढे वाक" म्हणून ओरडण्याचा उपयोग नाही, कारण घाबरलेलं शरीर मागेच जातं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा चौदा दिवस, आणि त्याला जोडून गेटचा सराव. तेव्हा शर्यतीचा विचार करा, तोही आधी जायंट स्लॅलमचा. त्याची गेटं लांब लांब असतात आणि वळणं मोठी. स्लॅलमची वळणं आखूड आणि झटपट, खांब नडगीनं आणि हातानं पाडत जायचे. त्याला नडगीचे गार्ड, पोलचे, म्हणजे हातातल्या काठ्यांचे गार्ड आणि हनुवटीची पट्टी लागते. मुलांच्या गटात वय जन्मवर्षानं धरतात: हंगाम सुरू होतो त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला १२ किंवा १३ पूर्ण असलेली मुलं १४ वर्षांखालच्या गटात, १४ किंवा १५ पूर्ण असलेली १६ खालच्या गटात. वयाचा हिशेब त्यावरून करा. शर्यतीचे दोन नियम आत्ताच तिच्या कानावर घाला. दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पावलं गेटची रेषा ओलांडून गेली पाहिजेत. एक स्की खांबाच्या चुकीच्या बाजूनं गेली तर शर्यत बाद, खाली कितीही लवकर पोचली तरी. आणि शर्यतीआधी मार्ग पाहायला सोडतात तेव्हा कडेनं साइड स्लिप करत पाहायचं, गेटमधून वळणं घेत उतरायचं नाही. तसं केलं तर सुरुवातीआधीच बाद करतात.

कुठे आणि केव्हा? गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथे पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंगचे वर्ग सोलंगच्या बाजूला होतात, आणि उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे वर्ग घेतं. आम्ही १४ दिवसांचाच घ्या म्हणू. सातव्या दिवशी नुकतं कुठे अंग सैल होऊ लागतं. किमान वयाची अट आणि पालकांचं संमतिपत्र यांची चौकशी प्रत्येक ठिकाणी आधी लेखी करा.

काश्मीरची कडाक्याची थंडी, चिल्लई कलां, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची. पण बर्फ निव्वळ थंडीनं पडत नाही, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी पट्ट्यांनी पडतो, आणि ते अलीकडे उशिरा येताना दिसतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीच्या सुरुवातीवरून २१ तारखेवर ढकलाव्या लागल्या. २०२५ मध्येही फेब्रुवारीअखेरच्या स्पर्धा बर्फाअभावी ९ ते १२ मार्चला झाल्या. म्हणून डिसेंबरचा वर्ग टाळा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा पकडा, आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा. बेळगावहून गोवा एक्स्प्रेस थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला नेते, पुढचा प्रवास तिथून.

पोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा. आपलं बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर आहे, गुलमर्ग त्याच्या साडेतीन पट उंच. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं दिसलं तर गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या वरच्या टप्प्यानं अफरवट शिखराकडे न्यायचं नाही. ते टोक ३,९०० मीटरच्याही वर आहे. शिवाय तिथले उतार हिमस्खलनाचे आहेत. शिकणाऱ्या मुलीचं तिथे काम नाही, बरोबरचे कितीही म्हणाले तरी. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या खाली सनस्क्रीन. नाक किंवा कान पांढरा पडून बधिर झाला तर चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. उघड्या तळव्याची ऊब धरायची आणि आत जायचं. खिशात शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू ठेवा. थंडीत तहान कळत नाही, पाणी आठवणीनं पाजावं लागतं.

तयारी. आता पाऊस लागला, रस्ते ओले, उघड्या रिंकवर चाकं फिरणार नाहीत. जून ते सप्टेंबर पायांना द्या, आठवड्यातून तीन दिवस, घरातच. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं ४५ सेकंद, तीनदा. एका पायावर सावकाश खाली बसणं, प्रत्येक पायाला ८, तीन फेऱ्या. खाली जायला चार सेकंद लागले पाहिजेत, कारण वळणात स्नायू ताणला जात असतानाच जोर झेलतो आणि याच संथ उतरण्यानं ती ताकद येते. वीस सेंटिमीटर उंच पाटावरून बाजूला उड्या, ३० सेकंद, चार फेऱ्या. गुडघे आत कोसळताना दिसले की तिथेच थांबवा. डोळे मिटून एका पायावर ३० सेकंद. घोट्यासाठी भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवणं, १५ वेळा. जड वजनं या वयात नकोत.

दसऱ्यानंतर ऊन पडलं की चाकं बाहेर काढा. स्पीड स्केटचे मोठ्या चाकांचे बुटके बूट नकोत, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घ्या. वाहनं नसलेला सौम्य उतार शोधा: शंभर मीटरला चार-पाच मीटर उतरणारा पुरे. बारा शंकू आठ-आठ मीटरवर, आळीपाळीनं दीड मीटर डावी-उजवीकडे लावा. हातात पोल, दोन्ही हात सतत नजरेसमोर, क्रॉसओव्हरला बंदी, आणि वळणाच्या मध्यावर आतल्या पायाची टाच हलकी उचलून बाहेरच्या पायावर खरंच वजन आहे का हे तपासायचं. स्केटिंगमध्ये इनलाइन अल्पाइन हा स्पर्धेचा स्वतंत्र प्रकारच आहे, तिच्या प्रशिक्षकांना त्याची गेटं मांडता येत असतील तर उत्तमच. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ धावायला वापरा: एक मिनिट जोरात वर, चालत खाली, सहा वेळा. स्लॅलमची एक उतरण साधारण मिनिटाभराचीच असते. पण त्या घाटरस्त्यावर स्केट घालून उतरू देऊ नका. गाड्या असतात आणि वळणापलीकडचं दिसत नाही.

शाळेसाठी जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी कळवा: तारखा, संस्थेचं नाव, परत आल्यावर अभ्यास कसा भरून काढणार. फेब्रुवारीत अचानक रजा मागितली तर कोणीही नाही म्हणेल. यंदा आठवी, पुढच्या वर्षी नववी, हे दोन हिवाळे तुमच्या हातात आहेत. त्यानंतर मार्चमधली एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, आणि हंगाम समोरासमोर येतात. त्या वर्षी बर्फाचे चौदा दिवस मिळणार नाहीत असं आजच धरून चला आणि तिलाही सांगा.

आता वहिनींची भीती. ती खरी आहे. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध फाटणं ही नेहमीची मोठी दुखापत आहे, आणि ती बऱ्याचदा एका ठरावीक प्रकारे होते: पोर मागे पडते, पार्श्वभाग गुडघ्यांच्या खाली जातो, सगळं वजन एका स्कीच्या आतल्या कडेवर येतं, आणि ती पडता पडता उठायचा प्रयत्न करते. स्की लांब दांडीसारखी फिरते आणि गुडघा पिळला जातो. म्हणून तिला घरीच गादीवर शिकवा: मागे गेलीस तर हात पुढे, पाय एकत्र, गुडघे वाकलेले, आणि पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. दुसरा आधार बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा. पडताना बूट स्कीतून सुटावा म्हणून त्यावर आकडा लावलेला असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. भाड्याची स्की घेताना ही पाचही माहिती दुकानदाराला द्या, तिला "चांगली येते" असं सांगू नका, आणि आकडा तुमच्यासमोर लावायला लावा. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहणं ही सर्रास होणारी चूक आहे. बुटाच्या तळाला बर्फ चिकटला असेल तर तो खरवडूनच पाय आत घालायचा, नाहीतर बाइंडिंग नीट बसत नाही आणि सुटायचं तेव्हा सुटत नाही. आणि दुपारी तीननंतर, पाय थकलेले आणि बर्फ भुसभुशीत झालेला असताना, "शेवटची एक उतरण" कधीच द्यायची नाही.

आणि बाळ, तुझा प्रश्न. गुलमर्गचा आरिफ खान बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमला ४५ वा आला, मनालीच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचं कांस्य मिळवलं. दोघंही बर्फाच्या दारात वाढलेले. त्यांच्या मानानं तुला उशीर झाला आहे, आणि वर्षातले चौदा दिवस देऊन तो भरून निघणार नाही. पण कोडगूची भवानी बर्फ न पडणाऱ्या आपल्याच राज्यातली, आणि तिनं क्रॉस कंट्री स्कीइंगमध्ये कर्नाटकला खेलो इंडियाची सुवर्णपदकं मिळवून दिली आहेत. तो स्कीइंगचा दुसरा प्रकार आहे, सपाटीवर आणि चढावर पायांनी ढकलत जायचा. स्केटरचा जोर तिथे थेट कामाला येतो. शिबिरात एखादा दिवस त्या बारीक स्कीही पायात घालून बघ, आणि कोणत्या जास्त आवडल्या ते आम्हाला फेब्रुवारीत कळव.